चाळिशी लागली आणि माशी दिसेना : पिस्तुलाची साइट बदलू का चष्मा?

बाणेरचा_बाब्या
मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ५६, बँकेतून व्हीआरएस घेतलेली. सात वर्षांपूर्वी लेकीला शूटिंगच्या क्लासला सोडायला जायचो, बाहेर बाकड्यावर बसून बसून कंटाळा यायचा म्हणून सरांनी एकदा सहज हातात पिस्तूल दिलं, आणि मग लेक राहिली बाजूला (तिला आता कॉलेजमुळे वेळ नाही) आणि मीच अडकलो. १० मीटर एअर पिस्तूल. सेकंडहँड घेतलंय पण चांगलं आहे, त्याची तक्रार नाही. ६० शॉटला ६०० पैकी ५४५ पर्यंत गेलो होतो, माझ्या वयाला बरं म्हणायचं. गेलं वर्षभर घसरतोय, मागच्या रविवारी ५२१.

कारण मला माहितीय. पुढची साइट, आमचे सर तिला जुन्या पद्धतीने माशीच म्हणतात, तिच्या कडा पूर्वी नव्या ब्लेडसारख्या दिसायच्या, आता कडेला लोकर लागल्यासारखं दिसतं, कधी कधी तर एका माशीच्या दोन होतात. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. वरच्या भागातून बघितलं की टार्गेट टकाटक आणि माशी धूसर, हनुवटी वर करून खालच्या भागातून बघितलं की माशी जरा सुधारते पण मान इतकी वर जाते की शेजारच्या लेनवरचा पोरगा परवा म्हणाला काका सीलिंगला काय लागलंय.

क्लबात चार जणांनी चार सल्ले दिले. एक म्हणतो माशी रुंद टाक, एक म्हणतो मागची साइटच नवी घे, तिसरा म्हणतो हिरवा ठिपका असलेली फायबरची मिळते ती लाव, चौथा म्हणतो काका आता ब्रिज खेळा. खर्च करायला हरकत नाही पण भलत्या जागी नको. कोणी यातून गेलंय का?

कोल्हापुरी_ठसका
काका पॅरिसला बघितला न्हाई व्हय तो तुर्की गडी? एक हात खिशात, साधा चष्मा, साधा टी-शर्ट, सिल्व्हर घिऊन गेला. काय साइट न् काय घेऊन बसलाय. 😀

तळ्यातला_बगळा
@ठसका, युसुफ दिकेच. तेव्हा ५१ वर्षांचा होता, मिक्स्ड टीम एअर पिस्तूलमध्ये सिल्व्हर, २०२४. त्याच इव्हेंटला आपल्या मनू भाकर आणि सरबजोत सिंगचं ब्राँझ आहे हे लोक विसरतात. पण मीममुळे असा समज झालाय की त्याच्याकडे काही साधन नव्हतं. अहो चष्मा होता की नंबरचा! नंबरचा चष्मा हेच इथे साधन आहे, बाकीचे पंखे लावल्यासारखे जे चष्मे घालतात त्यांचंही मुख्य काम तेच. आणि खिशातला हात ही स्टाइल नाही, एका हाताने मारायचं असतं तर दुसरा हात लोंबकळू नये म्हणून सगळेच तो खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवतात.

वयाचंच म्हणाल तर जॉर्जियाच्या नीनो सालुक्वाद्झे १९८८ च्या सोलला गोल्ड घेऊन २०२४ ला पॅरिसला दहावी ऑलिम्पिक खेळल्या, वय ५५. ब्रिजवाल्याला हे सांगा.

निवृत्त_सुभेदार
जय हिंद. आमच्याकडे एकच शिकवलंय, शिस्त लेते वक्त नजर फोरसाइट (म्हणजे तुमची माशी) टिप पर. एनसीसी केलेल्यांना आठवत असेल, नेम धरणे याला तिथे शिस्त लेनाच म्हणतात. टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल, फोरसाइट धूसर दिसली तर गोळी गेली समजा. ९ एमएम पिस्तुलावर आयुष्य गेलं, वय ६७, अजून हेच सांगतो. नवीन पोरं टार्गेटकडे बघत बसतात.

तळ्यातला_बगळा
सुभेदारसाहेब अगदी बरोबर, आणि त्यामागचा हिशोब सोपा आहे, तो देतो म्हणजे काका क्लबात भांडू शकतील.

एअर पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर. म्हणजे मागच्या साइटच्या खाचेत माशी नुसती १ मिलिमीटर इकडेतिकडे बसली तर १० मीटरवर छर्रा जवळपास ३१ मिलिमीटर बाजूला. दहाचं वर्तुळ आहे ११.५ मिलिमीटरचं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर सरकतं. म्हणजे दहाच्या जागी सात. उलट माशी खाचेत नीट बसलीय पण अख्खा हात १ मिलिमीटर हललाय, तर छर्राही १ मिलिमीटरच हलणार, दहा तो दहाच. म्हणून हात हलला तर घाबरायचं नाही, माशी आणि खाच यांचं नातं बिघडलं की मात्र खेळ खल्लास. आणि ते नातं बघायला कडा स्वच्छ दिसायला हव्यात. काकांच्या कडांना लोकर लागलीय, तिथे सगळं अडलंय.

दृष्टिआड_सृष्टी
ऑप्टोमेट्रिस्ट आहे, नगरला प्रॅक्टिस. माझ्याकडे दोन नेमबाज येतात म्हणून थोडा अनुभव आहे.

चाळिशी म्हणजे काय तर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळ फोकस करायची ताकद संपत जाते. दहाबारा वर्षांच्या पोराकडे ती १२ डायॉप्टरच्या (भिंगाची ताकद मोजायचं माप) आसपास असते, पन्नाशीत दोनच्या आसपास, साठीला एक म्हणा. काकांचा हात लांब केला की माशी डोळ्यापासून साधारण ९५ सेंटिमीटरवर येते, तिथे फोकस करायला एक डायॉप्टर लागतो. तेवढा तुमच्याकडे असेलही काठावर, पण ६० शॉट, सव्वा तास, प्रत्येक वेळी शिलकीतला शेवटचा रुपया काढल्यासारखा तो काढायचा म्हटल्यावर तिसाव्या शॉटनंतर डोळा हात वर करतो. बँकेत होतात, लगेच कळेल तुम्हाला.

आता वाचायचा नंबर (तुमच्या वयाला दोन सव्वादोन असेल) तो ४०-४५ सेंटिमीटरसाठी असतो. त्यातून माशी दिसणार नाही, मागची साइटसुद्धा नीट दिसणार नाही. आणि लांबचा नंबर टार्गेटसाठी. म्हणजे तुमच्या प्रोग्रेसिव्हमध्ये तुम्हाला हवी असलेली जागा मध्ये कुठेतरी चिंचोळ्या पट्टीत आहे, ती शोधायला तुम्ही मान वर करताय.

हिशोब असा: माशी १ मीटरवर म्हणजे १ डायॉप्टर, टार्गेट १० मीटरवर म्हणजे ०.१. मधला बिंदू साधारण अर्धा. म्हणून लांबच्या नंबरात +०.५० मिळवायचे, कोणाला +०.७५ बरे पडतात. पूर्ण +१ दिला तर माशी कोरीव दिसेल पण टार्गेट इतकं विरघळेल की काळा गोळा आणि पांढरा कागद यांची सीमाच सापडणार नाही.

तुमचा लांबचा नंबर काय आहे?

बाणेरचा_बाब्या
धन्यवाद ताई, शिलकीतला शेवटचा रुपया एकदम पटला. उजवा डोळा -१.००, सिलिंडर (तो तिरका नंबर) -०.७५. वाचायला ॲड, म्हणजे वरची जादा ताकद, २.२५.

दृष्टिआड_सृष्टी
अहो मग तुमची मज्जाच आहे! मायनस एक म्हणजे चष्म्याशिवाय तुमचा डोळा बरोबर १ मीटरवर सेट आहे. उद्या रेंजवर चष्मा काढून एकदा माशीकडे बघा (फक्त बघा, गोळी घालू नका, आणि डोळ्यावर साधा सेफ्टी गॉगल असू द्या). सिलिंडरमुळे थोडी सावली राहील पण लोकर जाईल. टार्गेट मात्र भुताटकीसारखं दिसेल. तुम्हाला हवी ती काच यांच्या मध्ये आहे, -०.५० आणि सिलिंडर पूर्ण. सिलिंडर गाळू नका, दोन माश्या दिसण्यात त्याचाही हात असू शकतो.

आणि शुगर आहे का? असेल तर ती वरखाली असताना नंबर काढू नका, नंबरही वरखाली येतो.

ऑस्टिनचा_अण्णा
इकडे टेक्सासात आमच्या क्लबमध्ये निम्मे लोक साठीपुढचे, त्यामुळे बंदूक कमी आणि डोळे जास्त बोलले जातात. मी ९ एमएम मारतो, आमच्या मॅचला रेड डॉट (काचेत लाल ठिपका दिसणारी साइट) चालतो म्हणून मी सरळ तोच लावला. त्यात फायदा असा की ठिपका लांब टार्गेटच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, नजर टार्गेटवर, दोन्ही डोळे उघडे, चाळिशीचा प्रश्नच मिटला. पण लावल्यावर पहिल्या दिवशी मला ठिपका न दिसता फुटलेला टोमॅटो दिसला. दुकानात परत द्यायला निघालो होतो तेवढ्यात क्लबातल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं मोबाइलने फोटो काढ. फोटोत ठिपका गोल गरगरीत! म्हणजे वस्तू ठीक, माझा डोळा वाकडा, ॲस्टिग्मॅटिझम. सिलिंडरचा चष्मा घालून आणि उजेड दोन पायऱ्या कमी करून टोमॅटोचा डाळिंबाचा दाणा झाला.

ज्यांना डॉट नको त्यांच्यासाठी: मागची साइट पूर्ण काळी, ठिपकेबिपके असतील तर मार्करने बुजवून टाका, आणि पुढची तेवढी भडक. फायबर ऑप्टिक उन्हात झकास, अंधारात मेलेली. ट्रिटियमचं (अंधारात आपोआप चमकणारं) उलटं. मी आधी बायकोची नेलपॉलिश वापरली होती, खाली पांढरा हात आणि वर भगवा, दोन वर्षं टिकली (नेलपॉलिश. बायको टिकून आहे.)

ट्रिटियमवरून आठवलं, आमचा एक दोस्त वर्षभर कुरकुरत होता की म्हातारा झालो, रात्री साइट दिसत नाही. नंतर लक्षात आलं की पिस्तूलच म्हातारं झालंय. ट्रिटियमचं हाफ लाइफ (निम्मं व्हायला लागणारा काळ) १२.३ वर्षं, त्याच्या साइट १६ वर्षांच्या, उजेड निम्म्याच्याही खाली गेलेला.

बाबुराव तुम्हाला चालतं का हे डॉट वगैरे?

तळ्यातला_बगळा
नाही अण्णा, १० मीटर एअर पिस्तूलला फक्त उघडी साइट. डॉट, दुर्बीण, आरसा, लेसर काही नाही. आणि नियमातली गंमत बघा, नंबरची काच पिस्तुलावर लावलेली चालत नाही पण डोळ्यावर लावलेली चालते. म्हणजे नियमच सांगतोय काका, खर्च पिस्तुलावर नको, नाकावर करा.

हिरव्या ठिपक्याची फायबर तर मुळीच नको. आपल्याला काळ्या टार्गेटखाली काळी माशी आणि दोन्ही बाजूला पांढऱ्या उजेडाच्या दोन फटी बघायच्या असतात. चमकणारा ठिपका आला की नजर ठिपक्यावर जाते, कडेवर राहत नाही.

पण साइटमध्ये एक फुकटचा बदल करता येतो. मागच्या खाचेची रुंदी स्क्रूने कमीजास्त होते बहुतेक सगळ्या मॅच पिस्तुलांना. ती वाढवा. तरुणपणी बारीक फटी बऱ्या वाटतात, पन्नाशीनंतर फट मोठी हवी, धूसर कडेने फटीतला उजेड खाऊन टाकला तरी थोडा शिल्लक राहायला हवा ना. दोन फटी मिळून माशीच्या रुंदीएवढा उजेड झाला तरी बिघडत नाही. दोन्हीकडचा उजेड सारखा आहे का हे डोळ्याला फार पटकन कळतं. माशी रुंद टाक म्हणणारा तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे, पण नुसती माशी रुंद केली आणि खाच तीच ठेवली तर फटी आणखी बारीक होतील आणि तुम्ही आणखी खड्ड्यात.

लेकीची_आई
मी ४९. काकांसारखीच, लेकीला सोडायला जाता जाता. (या क्लासवाल्यांनी बाहेर बाकडं ठेवलंय ते मुद्दाम ठेवलंय असं मला आता वाटायला लागलंय.)

एक कोणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. आपण आडवं उभं राहतो, खांदा टार्गेटकडे आणि मान वळवलेली. त्यामुळे रोजच्या चष्म्यात आपण काचेच्या मधून बघतच नाही, कडेच्या कोपऱ्यातून बघतो. नंबर कितीही बरोबर असू दे, कोपऱ्यातून बघितलं की वाकडं दिसणार. मी नवीन नंबर करून घेतला तरी दिसेना म्हणून रडकुंडीला आले होते. शेवटी क्लबातल्या एका दादांनी त्यांची शूटिंगची फ्रेम घालून बघायला दिली, ती एकाच काचेची असते, काच पुढे मागे आडवी तिरकी कशीही फिरवता येते, नजरेच्या रेषेला काटकोनात आणून घट्ट करायची. डोक्यात घंटाच वाजली. नवीन परदेशी फ्रेम हजारोंच्या घरात जाते, मी जुनी घेतली.

दुसऱ्या डोळ्यावर मी पट्टी लावते पण काळी नाही, दुधी प्लास्टिकची. काळी लावली की तो डोळा अंधारात जातो आणि नेमाच्या डोळ्याचीही बाहुली मोठी होते. आणि मॅचला जाणार असाल तर पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको.

निवृत्त_सुभेदार
आम्ही डोळा मिचकावून मारत होतो, पट्टीबिट्टी काही नव्हतं.

लेकीची_आई
सुभेदारकाका, तुमचे डोळे तेव्हा विशीतले होते. 🙏

निवृत्त_सुभेदार
हा मुद्दा मान्य.

खट_याळ
डोळा, काच, फट सगळं मान्य, पण धागाकर्त्याने टार्गेटचा फोटो टाकलेला नाही. छर्रे कुठे जातायत? उजव्या हाताचा माणूस आणि ग्रुप खाली डावीकडे पडत असेल तर तो ट्रिगरचा झटका आहे, त्याला जगातली कुठलीही काच पुरत नाही. धूसर दिसायला लागलं की माणूस जास्त वेळ धरून बसतो, दहा सेकंद, बारा सेकंद, डोळ्यात पाणी, हात थरथर, आणि मग एकदाचा सुटू दे म्हणून हिसका. दोन्ही रोग एकत्र असतात.

बाणेरचा_बाब्या
@खट_याळ पकडलंत राव. थोडे आहेत खाली डावीकडे. बाकी वरखाली पसरलेत.

आयरिसबद्दल कोणी सांगेल का? ते कॅमेऱ्यासारखं भोक लहानमोठं करायचं असतं ते. क्लबातला एक जण त्याची फार भलामण करतो.

दृष्टिआड_सृष्टी
काम करतं, पण ते औषध नाही, पेनकिलर आहे. भोक लहान केलं की जवळचं लांबचं दोन्ही एकदम बऱ्यापैकी स्पष्ट होतं, पिनहोल कॅमेऱ्याचंच तत्त्व. फुकटात बघायचं तर काळ्या इलेक्ट्रिकल टेपला दीड मिलिमीटरचं भोक पाडा आणि जुन्या चष्म्यावर चिकटवा. मात्र उजेड जातो. साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या पोराच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, त्यात तुम्ही आणखी नळ बंद केला आणि रेंजवर दोनच ट्यूबलाइट असतील तर माशी, टार्गेट, भिंत सगळं एकाच राखाडी रंगात. आणि भोक एक मिलिमीटरच्या खाली गेलं की उलट कडा परत धूसर व्हायला लागतात. आधी काच बरोबर करा, मग गरज पडली तर भोक.

जाता जाता: कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर लेन्स ठरायच्या आधी सर्जनला सांगा की मी पिस्तूल मारतो आणि मला १ मीटरवरची कड बघायची असते. मल्टिफोकलने (जवळचं लांबचं दोन्ही दाखवणारी लेन्स) कॉन्ट्रास्ट थोडा मार खातो, काहींना दिव्याभोवती वलयं दिसतात. साधी लांबची लेन्स टाकून वरून +०.५० ची काच वापरणारे माझे एक पेशंट आहेत, ७१ वर्षांचे, खूश आहेत.

कोल्हापुरी_ठसका
ह्या धाग्यावर माझं टार्गेट आता स्पष्ट दिसाय लागलंय पण वय ३४ असल्यामुळं वापरता येईना. वाचनखूण साठवली, सहा वर्षांनी येतो.

बाणेरचा_बाब्या
मंडळी, तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, रिपोर्ट द्यायचा होता.

चष्म्याच्या दुकानात पिस्तूल घेऊन जाणं शक्यच नव्हतं, एअर पिस्तूल असलं म्हणून काय झालं, समोरच्याला काय कळणार, पेपरात यायचो. म्हणून लेकीने आयडिया काढली. तिच्या मॉडेलचा काळा पुठ्ठा घेऊन ४.५ मिलिमीटर रुंद माशी कापली, मागची खाच कापली, आणि दोन्ही लाकडी फूटपट्टीवर ३२ सेंटिमीटर अंतर ठेवून उभ्या चिकटवल्या. डोळ्यापासून माशीपर्यंत सुतळीने मोजलं तर माझं आलं ९७. फूटपट्टी आणि एक टार्गेटचा कागद घेऊन गल्लीतल्या चष्मेवाल्याकडे गेलो. तो आधी हसला. मग त्याचा तपासायचा खोका आरशातून सहा मीटरचा, मला हवेत दहा, म्हणून आम्ही दोघं बाहेर आलो, समोरच्या बंद दुकानाच्या शटरला कागद चिकटवला, पावलं मोजली आणि मी फुटपाथवर आडवा उभा, डाव्या हाताने खिसा पकडलेला, उजव्या हातात फूटपट्टी, नाकावर ती ट्रायलची गोल लोखंडी फ्रेम. दूधवाला थांबला, दोन शाळेची पोरं थांबली. चष्मेवाला काचा बदलतोय, हे बरं का ते बरं, हे बरं का ते बरं.

-१.०० ला कागद कोरा करकरीत, माशीला लोकर. -०.२५ ला माशी अशी की पुठ्ठ्याचे धागे मोजावेत, कागदावर नुसता ढग. -०.५० घातली आणि मी पाच सेकंद काही बोललोच नाही. माशीची वरची कड सरळ रेघ, गोळा मऊ पण गोळाच. चष्मेवाला म्हणाला काका खाली करा हात, लोक बघतायत.

काच करून घेतली, सिलिंडरसकट. लेकीची आई ताईंनी सांगितलं तसं जुनी फ्रेम शोधतोय, तोवर जुन्याच एका गोल फ्रेममध्ये बसवलीय आणि मान थोडी वळवून काम चालतंय. खाच दोन आटे उघडली. आणि खट_याळ यांचं ऐकून आठ सेकंदात नाही सुटला तर हात खाली, परत सुरुवात, हे फार जड गेलं पण करतोय. काल ५३४. शेवटच्या दहा शॉटच्या सिरीजला ९३. वरखालीचा पसारा गेलाय, खाली डावीकडचे दोनतीन अजून आहेत, ते डोळ्याच्या खात्यावर टाकणार नाही.

लेकीची_आई
वा वा काका!! माझ्याकडे एक जास्तीची फ्रेम पडून आहे, काच धरायची रिंग जरा ढिली आहे पण स्क्रू बदलला की होईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

निवृत्त_सुभेदार
शाब्बास. ती फूटपट्टी टाकून देऊ नका. मलाही नंबर काढायचा आहे. शनिवारी बाणेरला पुतण्याकडे येतोय, सकाळी दहाला घ्यायला येतो.